पंधराच्या वर न जाणारी सायकल

...हो, पंधराच्या वर नाही जाणार ती, तुम्ही कितीही पायडल मारा. मोटर बिघडलेली नाही भाऊ, खरंच सांगते, मोटरला काही झालेलं नाही – वेगाची मर्यादा लावून ठेवलीय, एवढंच. उतरा, इकडे सावलीत घ्या. आणि जरा हळू बोलू या, आत रिगोबेर्तो झोपलाय. माझा नवरा. सायकल त्याचीच. नाही, विकतेय हे त्याला नाही सांगितलं. सांगून तो काय म्हणणार – त्याला बोलताच येत नाही. अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू मात्र सगळं येतं, म्हणून म्हटलं, हळू.

हे बघा, अधिक आणि उणे, दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची – धरायची, लगेच सोडायची नाहीत – मग पडद्यावर आकडे येतात. हे चाकाचं माप, याला हात लावू नका, ते चुकलं की वेग खोटा दिसतो. आणि ही मर्यादा. तुम्ही इथे पस्तीस करा आणि बघा कशी पळते ते. रिगो हिच्यावरून पाव पोचवायचा, स्टेशनपासून समुद्रापर्यंत अख्खं कार्देनास गाव, आणि पाव गरम असायचा. बॅटरीची तर काळजीच नको. वीज आली की गल्लीतले सगळे चार्जर घेऊन धावतात, हा कधी धावला नाही. आधी कॉफी ठेवायचा. म्हणायचा, वीज घाबरत घाबरत येते, तिला जरा बसू दे, मग चार्जर लाव. लोकांच्या बॅटऱ्या फुगल्या, ही अजून तशीच आहे.

मग विकता कशाला म्हणता? तो तिच्याकडे बघत राहतो म्हणून. त्याला वाटतं, पुन्हा बसेन. आणि वाटायला मीच लावलं – रोज म्हणायचे, लवकर बरा हो रे, लोक पावाची वाट बघतायत. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन केव्हाच सांगितलं होतं, तो आता खुर्चीपर्यंत आला तरी खूप. ते त्याला कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, सायकल गेली की आपोआप कळेल. भ्याडपणा आहे, माहीत आहे मला.

पंधरा? पंधरा तोच करतो. नर्स म्हणाली होती, डाव्या हाताला काहीतरी काम द्या, म्हणून संध्याकाळी मी सायकल त्याच्या खाटेशी नेऊन लावते. माझं नाव जिभेवर येत नाही त्याच्या – ने, ने, करतो, नेरेइदापर्यंत पोचत नाही – पण बटणांचा क्रम बोटांना पाठ आहे. तो पंधरा करतो. मी सकाळी पस्तीस करते, त्याला बरं वाटावं म्हणून, तो संध्याकाळी परत पंधरा. आज सकाळी बदलायचं राहून गेलं. मी चेष्टा करते, अरे, पंधराने गेलास तर पाव शिळा होऊन पोचेल. तो मान हलवतो, चिडतो, पुन्हा पंधरा. मला वाटलं, डोक्यातलंही जायला लागलं. त्या रात्री मी फार रडले.

काय म्हणालात? अंगठ्याचा खटका? तो दाबला की आपोआप पळायची, तोही त्यानेच बंद केलाय. पायडल मारल्याशिवाय मोटर ओढतच नाही. हो, आणि सीट – दिसतंय मला, तुमचे गुडघे हँडलला लागतायत. शेजारच्या ओस्मेलला खुणा करून करून ती खाली करायला लावली. ओस्मेल मला म्हणतो, नेरेइदा, हा काय बुटक्यांची शर्यत लावतोय का. हसलो आम्ही. ब्रेकचा दांडाही स्क्रू फिरवून जवळ घेतलाय, तुमच्या एवढ्या पंजाला अडचणच होणार. माझा हात बघा, माझा बरोबर पोचतो –

बरोबर पोचतो.

नाही, काही नाही. मी? मी नाही चालवत. एकदाच बसले होते. तो खटका जोरात दाबला गेला आणि सरळ घोडागाडीवर – घोडा जागचा हलला नाही, मी रताळ्यांच्या पोत्यांवर, आणि रिगो रस्त्यात पोट धरून हसतोय. तेव्हाच सांगितलं त्याला, ही बैलाच्या चालीने चालायला लागली की मला सांग. तेव्हापासून पायीच. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात असते मी, लांब आहे. संध्याकाळी पाय सुजलेले असतात, बादलीत मिठाचं पाणी घेऊन पाय सोडून बसते – त्याच्या खाटेशीच. तो बटणं दाबत असतो, मी पाय चोळत असते. मध्येच तो माझ्या पायांकडे बोट करायचा. मी म्हणायचे, हो रे, दुखतात, तू तुझं काम कर.

म्हणजे त्याला कळलंय. मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं लपवत बसले आणि त्याला केव्हाचंच कळलंय. तो रोज मला सांगत होता, ही आता तू चालव, आणि मी रोज सकाळी ते पुसून टाकत होते – लवकर बरा हो, बरा हो, एवढंच त्याच्या मागे लागून.

नको भाऊ, ते बटण सोडा. पस्तीस नको. तसंच राहू द्या. तुम्हाला उन्हातून उगीच यायला लावलं, कॉफीसुद्धा विचारली नाही, माफ करा. तुमच्या उंचीला दुसरी मिळेल, ओस्मेलला विचारा, त्याला सगळ्या माहीत असतात. नाही, जास्त दिलेत तरी नाही. या आता तुम्ही. दार ओढून घ्या, हळूच – नाही, राहू द्या, बघा, तो जागाच आहे.