काकांच्या घराचं वय

तुम्ही आमच्या भास्करकाकांचं धूलकोटच्या रस्त्यावरचं, केळीच्या मळ्यातलं घर बघितलंय ना? तेच, चपट्या विटांचं. त्याच्यावर 'हेरिटेज' पाटी लागली की इंदूरचे पाहुणे मुक्कामाला येतील, असं काकांच्या डोक्यात बसलं. मग घर तपासायला एक सरकारी साहेब आले.

काकांनी भिंतीवर हात फिरवला. "चारशे साल पुरानी वीट आहे साहेब. बादशहाच्या जमान्याची."

"आणि घर?"

"घर माझ्या वडिलांनी बांधलं. कापूस विकून येताना बैलगाडी रिकामी घरी आणू नये, असं आमच्याकडे मानतात. शहराच्या तटाची भिंत, तो जुना परकोट, ढासळतच होता, तर बाबा दर खेपेला तिथून गाडी भरून विटा आणायचे."

साहेबांचा पेन थांबला. "म्हणजे सरकारी परकोट तुमच्या घरात आहे. हा तर गुन्हा झाला."

काकांना इतक्या झटकन विचार करताना मी आजवर पाहिलं नव्हतं. म्हणाले, "छे हो साहेब, बाबांना जुनं सांगायची सवय होती. विटा आपल्या मळ्यातल्याच. मागच्या साली मी स्वतः पाडल्या, भट्टी लावून."

"मग हेरिटेज पाटी कशी द्यायची?"

काकू चहा घेऊन आल्या. काकांनी पहिला कप साहेबांपुढे सरकवला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं करा ना साहेब. पाटीच्या कागदावर चारशे साल लिहा, अन् गुन्ह्याच्या कागदावर मागचं साल."