मायलेकांचा बंदोबस्त

"शिपाई कुणाचा मुलगा नसतो, कुणाचा बाप नसतो, तो फक्त हुकमाचा असतो!"

परळच्या बसच्या रांगेत एका पिळदार मिशीच्या तरुणाने हे जाहीर केलं.

"बरं. ही पिशवी धर," मागे उभी असलेली त्याची आई म्हणाली. त्याने धरली.

"आये, हसू नको. फौजेत गोळी चालवली, तरी पोलिसाचं शिक्षण पुन्हा पहिल्यापासून. काठी कमरेखाली मारायची, हे शिकतोय. आणि उद्या संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर आम्हालाच उभं करणार."

"मोर्चात मीपण आहे, बुधाजी."

"म्हणून तर सांगतोय. मागं राहा."

"चाळीनं ठरवलंय, बायका पुढं. बायकांवर काठी पडत नाही म्हणतात."

"हुकूम सुटला की पडते."

"मग तू काय करशील?"

रांग पुढे सरकली. तो जागचा हलला नाही.

"नोकरी गेली तर खायचं काय, आये?"

"आणि मुंबई गेली तर राहायचं कुठं?"

"नको येऊस. पाया पडतो."

"येणार म्हणजे येणार."

"आणि तुझ्यावर काठी उचलायची वेळ माझ्यावरच आली तर?"

"तर डाव्या पायावर मार, बाबा. उजव्या गुडघ्यात वात आहे."