कपबशी धुण्याची सवय

तुमी चहा पिऊन कप तसाच ठेवला, त्यावरून आठवलं. आखाडा बाळापूरला आमच्या गल्लीत तांड्यावरच्या कमलबाईनं नवं हॉटेल टाकलं, तेव्हा मी बाबांना तिथं घेऊन गेलो. भजे खाल्ले, चहा झाला आन् बाबा कपबशी उचलून नळाकडं निघाले. त्यांच्या तरुणपणी हॉटेलात आमच्या जातीची कपबशी वेगळी ठेवायचे आन् ती ज्याची त्यानंच धुवायची.

कमलबाईनं त्यांच्या हातातून कपबशी घेतली. "काका, काहून धुवून राहिले?"

"सवय हाय, बाई."

"इथं ते काम माझं. बसा तुमी."

बाबा परत येऊन बसले. मग म्हणाले, "अजून एक चहा द्या, बाई. पहिला घाईत पिलो."