करवंदाचा फोटो आणि सरांचा शब्द

संस्थेचे अध्यक्ष आदरणीय गणपतराव, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले मुख्याध्यापक धैर्यशील सर, सौ. वहिनी, व्यासपीठावरील पाहुणे, सहकारी, पालक आणि माझ्या मुलांनो, सर्वांना नमस्कार.

मला सूचना अशी आहे : "मॅडम, तुम्ही वर्गाच्या ब्लॉगवर बोला. गोड बोला." गोड बोलण्यासारखं खरंच पुष्कळ आहे. नववीचा ब्लॉग काढू या म्हटल्यावर स्टाफरूममध्ये हशा पिकला होता. "वहीत चार ओळी लिहिनात, ब्लॉगवर काय दिवे लावणार?" एकटे सर म्हणाले, "काढा हो मॅडम. कोण काय म्हणतंय ते मी बघतो." संगणकाच्या खोलीची किल्लीही त्यांनीच दिली.

नियम मुलांनी आणि मी मिळून केले. टोपणनावानं लिहायचं. खरं नाव, फोटो, गाव, एसटीचा थांबा, काही घालायचं नाही. ब्लॉग पासवर्डच्या आत, वर्गापुरता. त्या दिवशी सर वर्गात आले आणि म्हणाले, "तुम्हाला विचारल्याबिगर एक ओळ भाईर जाणार न्हाय. मी हाय की!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या शब्दाच्या भरवशावर 'करवंद' या नावानं एका मुलीनं लिहिलं. मोबाइलवरच्या खेळात एक अनोळखी माणूस फोटो मागत होता. तिनं तो दिला नाही, त्याला ब्लॉक केलं आणि आईला सांगितलं. इतकं सरळ, धीट लेखन मी क्वचित वाचलंय. सरांना ते फार आवडलं. इतकं आवडलं, की त्यांनी तिच्या गावच्या थांब्यावर डिजिटल बोर्ड लावला. ओळखपत्रावरचा तिचा फोटो, पूर्ण नाव, कंसात 'करवंद', लेखातला उतारा, हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत माझाही फोटो. मला कुणी विचारलं नव्हतं. तिलाही नाही.

आपल्याकडं प्रेम बोर्डावरच चढतं, हे मला कळतं. सरही म्हणाले, "अहो, कौतुकच केलं की! चोरी केली काय?" पण थांब्यावरची पोरं तिला म्हणायला लागली, "ए करवंद, आमाला बी दे की फोटो!" वडिलांनी तिला घरी बसवलं. मी गेले तेव्हा ती दारातून एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमीच म्हनला हुता, नाव घालायचं न्हाय. आनि तुमचाच फोटू खाली!"

तरी मी समजून घेतलं असतं. पण तिच्या वडिलांनी शाळेत येऊन विचारलं, "पोरगी म्हनती तिला कुनी इचारलंच न्हाय, खरं काय?" तेव्हा माझ्यादेखत सर म्हणाले, "पोरीला विचारूनच लावलाय." सर, मी तेव्हाच त्यांना खरं काय ते सांगितलं. वडील म्हणाले, "मॅडम, हेडमास्तर खोटं बोलतील व्हय? तुमी पोरीला पाठीशी घालताय." त्या घरात आजही तीच खोटी ठरली आहे.

हे इथं काढावं का, याचा मी खूप विचार केला. सरांचा हा दिवस. तो नासवायचा मला काय अधिकार? आणि तिची गोष्ट पुन्हा चव्हाट्यावर आणणारी मी कोण? म्हणून हे भाषण मी आधी तिला वाचून दाखवलं. ती नको म्हणाली ते गाळलं. तिचं नाव मी घेतलेलं नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनीही घेऊ नये. मग मी तिला विचारलं, "तुला काय पाहिजे?" ती म्हणाली, "मला शाळंत यायचं हाय. सरांनी दादांना खरं सांगू दे."

दादा म्हणजे तिचे वडील. माझ्या विनंतीवरून ते आज आले आहेत. कृपा करून कुणी वळून बघू नका.

सर, तुम्ही दिलेल्या किल्लीबद्दल मी मनापासून ऋणी आहे. माझं बोलणं या प्रसंगाला शोभलं नसेल, तर अध्यक्षांनी आणि सभेनं मला क्षमा करावी. पत्रिकेत यापुढं सत्कारमूर्तींचं मनोगत आहे. एका वाक्याचं असलं तरी चालेल, सर. माइक मी चालूच ठेवते.