चौदा नंबरचं कुलूप

माझं नाव, पूर्ण पत्ता आणि फोन नंबर वरच्या रकान्यात लिहून घेतले आहेत. वय २४. शिक्षण कॉमर्स पदवी, शाळा आणि कॉलेज दोन्ही इंग्रजी माध्यमात. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात दीड वर्षापासून ट्रेनिंगचं आणि ऑफिसचं काम बघते. आईवडिलांजवळ राहते. कारखान्याचे मालक माझे सख्खे मामा आहेत. हे मी आधीच सांगते, म्हणजे नंतर दुसऱ्या कोणी सांगायला नको.

आज मी स्वतःहून पोलीस ठाण्यात आले आणि मॅडमनी विचारल्यावरून समक्ष सांगते की,

राज्य शासनाची एक स्कीम आहे. कारखान्याने आपल्या कामगारांना नवीन मशीनचं ट्रेनिंग दिलं तर निम्मा खर्च सरकार देतं. ही स्कीम मीच वेबसाइटवर शोधली. फॉर्म एकोणीस पानी होता. मामा म्हणाले, "तुला हौस आहे तर भर." मला हौस होती. मंजुरीचा मेल आला तेव्हा मी तो प्रिंट काढून केबिनच्या काचेवर लावला.

एप्रिलमध्ये नवीन ऑटोमॅटिक पंचिंग मशीन आलं. त्यात पुठ्ठ्याचं शीट एका टोकाने आत जातं, मध्ये दाबून कापलं जातं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर येतं. लांबी चाळीस फूट. एका टोकाला उभं राहिलं तर मधल्या भागात कोण आहे ते दिसत नाही.

ट्रेनिंगचा कार्यक्रम मी लिहिला. २२ कामगार, दहा दिवस, रोज चार तास. सहावा दिवस कुलपाचा. म्हणजे मशीनमध्ये हात घालायच्या आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी आपल्या खिशात ठेवायची. चावी खिशात आहे तोपर्यंत दुसरा कोणीही मशीन चालू करू शकत नाही. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडला होता. त्यावर मी आठ स्लाइड बनवल्या होत्या. प्रत्येकासाठी एकेक लाल कुलूप मागवलं आणि त्यावर नंबर आणि नाव चिकटवलं. यादीत चौदा नंबरला मयत होते.

मयतांना सगळे मास्तर म्हणायचे. वय ५१. जुन्या पंचिंग मशीनवर एकोणीस वर्षं. कारखान्यातल्या निम्म्या लोकांना काम त्यांनीच शिकवलं, म्हणून मास्तर.

मंगळवार, ६ मे रोजी ट्रेनिंग सुरू झालं. मशीनच्या कंपनीकडून ट्रेनर आले होते. मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस नीट झालं. बुधवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास सुपरवायझर माझ्याकडे आले. एका गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर अडकली होती. ते म्हणाले, "ताई, तुमची शाळा आता पुरे. सगळे वर्गात बसले तर खोके काय मी एकटा घडी घालू?" मी मामांना फोन केला. मामा म्हणाले, "उरलेलं ट्रेनिंग ऑर्डर गेल्यावर घे. कागद तेवढे आत्ताच पूर्ण करून टाक, पुन्हा सगळे एका जागी सापडायचे नाहीत." ट्रेनर त्याच दिवशी परत गेले.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत, १ ते १.३० या वेळात, मी कॅन्टीनमध्ये २२ जणांच्या दहा दिवसांच्या सह्या घेतल्या. डबे बाजूला सरकवून कागद फिरवला. यात कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. मला वाटलं, ट्रेनिंग होणारच आहे, फक्त सह्या आधी होतायत.

मास्तर सही सावकाश करायचे. मागच्याने ओरडून विचारलं, "मास्तर, सही करताय की भिंत रंगवताय?" मास्तर म्हणाले, "अशी शाळा लहानपणी मिळाली असती ना, तर एका जेवणात मॅट्रिक झालो असतो." सगळे हसले. मीही हसले.

सहाव्या रकान्यापाशी ते थांबले. म्हणाले, "ताई, ११ तारखेला रविवार आहे. रविवारी तर गेटला टाळं असतं." तारखा मी कॉम्प्युटरवर एकीखाली एक ओढून भरल्या होत्या. मध्ये रविवार आलाय हे मी बघितलंच नव्हतं. कागद पुन्हा छापायचा तर सही करून गेलेल्या तेरा जणांना पुन्हा बोलवावं लागलं असतं. मी म्हणाले, "असू दे मास्तर, कोण बघतंय." त्यांनी विचारलं, "पण सहाव्या दिवशी असतं काय?" मी म्हणाले, "कुलपाचं. ते मी तुम्हाला नंतर नीट दाखवते." त्यांनी सही केली.

मग फोटो काढला. स्कीमला फोटो लागतो. मी कुलपं वाटली, सगळ्यांनी ती छातीजवळ धरली, फोटो झाला, मी कुलपं परत गोळा केली. हरवू नयेत म्हणून. मास्तर परत देताना म्हणाले, "भाड्याचा कोट आहे हा. फोटो झाला की काढा." बावीसच्या बावीस कुलपं मी माझ्या कपाटात ठेवली. कपाटाची चावी माझ्याकडेच असते.

ती ऑर्डर गेली, तिच्यामागे दुसरी आली. जूनमध्ये मी सुपरवायझरना दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा केली नाही. जुलैत सरकारी ऑफिसात कागद पास झाले आणि सर्टिफिकेटं आली. रविवारबद्दल कोणी काही विचारलं नाही. मास्तरांनी आपलं सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं.

मंगळवार, १९ ऑगस्ट रोजी सकाळी ११.१० वाजता मी केबिनमध्ये होते. स्कीमच्या दुसऱ्या टप्प्याचा अर्ज भरत होते. त्यात एका कामगाराची यशोगाथा द्यायची असते. मी मास्तरांचा कुलूप धरलेला फोटो लावला होता आणि खाली चार ओळी लिहिल्या होत्या. मशीन थांबल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळाने पुन्हा चालू झाल्याचं ऐकू आलं. त्यानंतर जो आवाज आला तो मशीनचा नव्हता.

मी तिथे जाऊन जे पाहिलं ते पंचनाम्यात आहे. त्यात मला काही वाढवायचं नाही.

नंतर मला समजलं ते असं. शीट अडकलं होतं. जुन्या मशीनवर शीट अडकलं की पॅडलवरून पाय काढायचा, चाक थांबलं की हात घालायचा. पॅडल आपल्याच पायाशी, त्यामुळे दुसरा कोणी चालू करेल ही भीतीच नाही. मास्तर एकोणीस वर्षं तसंच करत होते. नवीन मशीन अडकलं की आपोआप थांबतं. ते थांबलेलं बघून मास्तर मधल्या भागात आत वाकले. सुपरवायझर दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी "कोणी आहे का आत?" असं ओरडून विचारलं. शेजारच्या मशीनचा आवाज चालू होता. उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी हिरवं बटण दाबलं. सुपरवायझरही त्या २२ जणांतलेच. यादीत एक नंबर त्यांचा. तेव्हापासून ते घरीच आहेत, कोणाशी बोलत नाहीत.

२१ ऑगस्टला मामांनी तपासणी ऑफिसला पत्र दिलं. त्यात असं आहे की मयतास दहा दिवसांचं पूर्ण ट्रेनिंग दिलं होतं, सह्या सोबत जोडल्या आहेत, आणि स्वतःला दिलेलं कुलूप न लावता मयत निष्काळजीपणाने मशीनमध्ये गेला. त्याची एक प्रत मास्तरांच्या घरी पाठवली. पत्र मी टाइप केलं.

काल, २२ तारखेला दुपारी मामांनी केबिनचं दार लावून घेतलं. म्हणाले, "चौदा नंबरचं कुलूप त्याच्या लॉकरमध्ये ठेवून ये. तपासणीवाले उद्या येतायत." कारखान्यात मी त्यांना सर म्हणते. मी म्हणाले, "सर, ते कुलूप त्यांना कधी दिलंच नव्हतं." ते म्हणाले, "आत्ता सर नको, मामा म्हण. गेलेला माणूस परत येत नाही बाळा. साठ घरं चालतात यावर, त्यात तुझंही आलं." मी कपाटातून कुलूप काढलं.

३.४० वाजता लॉकररूममध्ये गेले तर तिथे मास्तरांच्या पत्नी होत्या. त्यांना सामान न्यायला बोलावलं होतं. शर्ट, चपला, चष्म्याचं घर त्यांनी पिशवीत भरलं होतं. लॉकरच्या दाराला आतून सर्टिफिकेट लावलेलं होतं. त्याची चिकटपट्टी त्या नखाने सोडवत होत्या, कोपरा दुमडू नये म्हणून हळूहळू. म्हणाल्या, "ताई, पत्रात लिहिलंय यांचंच चुकलं. एकोणीस वर्षांत बोटाला कधी खरचटलं नाही यांच्या. मग आताच कसे हो चुकले?" त्यांनी माझ्या हाताकडे बघून विचारलं, "ते काय?" मी म्हणाले, "कुलूप आहे." त्यांनी विचारलं, "कुणाचं?" मी म्हणाले, "ऑफिसचं."

त्यांनी रिकामा लॉकर पदराने पुसला आणि दार लोटलं. म्हणाल्या, "मग लावा ना. आता यात काही नाही."

मी लावलं नाही. कुलूप पर्समध्ये टाकून घरी आले.

आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मामाने तुला नोकरी दिली. खाल्ल्या मिठाला जागावं माणसाने." मग रात्री अंथरूण घालताना विचारलं, "त्यांना मुलं किती?" मी म्हणाले, एक मुलगी, बारावीला आहे. आज सकाळी आईने माझा डबा भरला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आज कारखान्यात थोडीच जाणार आहेस तू."

चौदा नंबरचं कुलूप मी आज हजर केलं आहे. मागवलं तेव्हा ज्या प्लास्टिकच्या पिशवीत आलं त्याच पिशवीत ते आहे. नंबर आणि नाव मी पिशवीवरूनच चिकटवलं होतं, पिशवी फोडलेली नाही. दोन्ही चाव्या आत आहेत. फोटो मोठा करून बघितला तर सगळ्यांच्या हातात पिशव्या दिसतात. सह्यांचा मूळ कागदही दिला आहे. त्यात रविवारच्या रकान्यात २२ सह्या आहेत.

मशीन गुरुवारपासून पुन्हा चालू आहे. मास्तरांच्या जागी आता नऊ नंबर उभा असतो. त्याचं कुलूप अजून माझ्या कपाटात आहे. कपाटाची चावी मी मॅडमकडे दिली आहे.

माझं म्हणणं मॅडमनी टाइप केलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोन ठिकाणी मी "आम्ही" म्हणाले होते, तिथे "मी" करून घेतलं. बाकी सगळं मी सांगितलं तसंच आणि खरं आहे. आज शनिवार, २३ ऑगस्ट. खाली सही करते आहे. ती आजची आहे, आणि एकच आहे.