क्लचचं ऑइल जातं कुठे?

गॅरेजच्या बाकड्यावर नर्सबाई आपल्या स्कूटरची वाट पाहत बसल्या होत्या. समोर जुन्या गाडीचं बॉनेट उघडून एक सासरे आणि त्यांची सून हमरीतुमरीवर आले होते. बाईंनी हातातलं मासिक कधीच मिटलं होतं.

"बाबा, बघा! क्लचच्या ऑइलची डबी पुन्हा तळाला!"

"मग भर की. मी दर महिन्याला न चुकता भरतो. गाडी अशी सांभाळावी लागते."

"भरता, पण ते जातं कुठे?"

"तुझ्या पायाखाली! गाडी चालवायचीस तेव्हा क्लचवरून पाय काढला असशील तर शपथ. तेव्हाच क्लच बिघडवलास, मग ऑइल संपणार नाही तर काय?"

"जळून संपायला ते पेट्रोल आहे का? कमी होतंय म्हणजे कुठेतरी गळतंय."

"गळलं असतं तर जमिनीवर डाग नसता दिसला?"

"थांबा, मी आतून बघते."

"बाई, तुमची स्कूटर झाली."

"थांबा हो जरा!" नर्सबाई मेकॅनिकवर खेकसल्या.

"सापडलं! बाबा, सापडलं! हा हात बघा, ओलाकच्च! पेडलच्या मागून गळतंय आणि सगळं चटईत मुरतंय!"

"बघू, बघू... अरेच्चा! हो की गं!"

"म्हणजे मी चालवताना गिअर अडकायचा तो..."

"यामुळेच."

"आणि माझ्यावर खापर फोडून मला वर्षभर मागच्या सीटवर बसवलंत!"

सासऱ्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढून तिच्यापुढे धरली.



"आधी तो हात पूस. असल्या ओशट हातानं स्टिअरिंग धरणार आहेस का?"