टोपड्याचं माप

पौडच्या शिंप्याकडे कृष्णाबाई चोळी न्यायला आली होती. तिच्यापुढे मुठा गावची फुलाबाई आणि तिची धाकटी जाऊ इंदू उभ्या होत्या.

“टोपड्याला बाळाचं माप सांगा, मावशी.”

“माप कुटनं सांगू, मास्तर? सुनंला आत्ता आठवा लागलाय.”

“अगं बया! आक्का, पोर व्हायच्या आदी टोपडं शिवत्यात व्हय? बारशापातुर थांबावं.”

“थांबले की इंदू. माझ्या पयल्या तीन लेकरांच्या येळंला थांबले. तिन्ही बारशाआदीच गेली, उघड्या डोक्यानं.”

“तवा घरटी एखादं जायाचंच.”

“आन आता? औंदा वाडीत पाच बाया बाळंत झाल्या. पाची पोरं पाळण्यात हायेत. सुनंला नर्सबाईनं धनुर्वाताची सुईबी टोचलीया.”

“तरी मला भ्या वाटतं.”

“मलाबी वाटतं. पर ह्या डावाला टोपडं पोराची वाट बघंल. शिवा मास्तर, झालर लावा चांगली.”

शिंप्यानं हसत अंदाजानं कात्री चालवली. कृष्णाबाईच्या हातात चोळी कधीच आली होती, पण तिचा पाय निघेना.

“बाई, तुमच्या ह्या कापडातला तुकडा उरंल का? माझी लेकबी बाळंतपणाला आलीया.”